मीटर हलतच नाही, आणि हललं की थेट लाल!

यावेळी आलेली पत्रं जवळपास सगळी डिजिटल पियानोवाल्यांची आहेत, गिटारवाले आणि गाणारे रुसलेत की काय कोण जाणे. बहुतेकांचं दुखणं एकच, पियानोतून इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्याचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या पेटीत, आवाज नीट लेव्हलला येत नाही. मीटर म्हणजे सॉफ्टवेअरमधली आवाज डीबीत (डेसिबलमध्ये) दाखवणारी पट्टी, शून्य हे तिचं छत, त्याखालचं सगळं मायनस. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही पत्रं थोडी कापलीयत, राग मानू नका.

प्रश्न: माझ्याकडे ८८ कीजचा डिजिटल पियानो आहे आणि दोन इनपुटवाला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतलाय. घरच्यांना त्रास नको म्हणून पियानोचा व्हॉल्यूम मी कायम पावच ठेवतो. इंटरफेसचा गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब) जवळपास शेवटपर्यंत फिरवला तेव्हा कुठे मीटर हललं, पण मागे सतत 'सूंऽऽ' असं ऐकू येतं, आणि जोराचा भाग आला की एकदम लाल होऊन आवाज फाटतो. नेमकी लेव्हल ठेवायची तरी किती? एक जण सांगतो शून्याला टेकवा, दुसरा सांगतो मायनस १८.
दोन्हीकडून वैतागलेला

उत्तर: तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात केलीत. पियानो पाव आणि गेन फुल म्हणजे बोलणाऱ्याने कुजबुजायचं आणि ऐकणाऱ्याने कानाला कर्णा लावायचा, कुजबुज मोठी होते खरी पण आजूबाजूचा गलकाही तेवढाच मोठा होतो. पियानोच्या आत शेवटी जे आउटपुटचं सर्किट असतं ते स्वतःची थोडी खरखर घालतंच, आणि व्हॉल्यूम खाली केला म्हणून ती त्या प्रमाणात खाली येत नाही. स्वर तेवढे खाली येतात. मग इंटरफेसमध्ये तुम्ही गेन वाढवलात की स्वर, खरखर आणि इंटरफेसच्या प्रीअँपची (सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटची) स्वतःची खरखर असं सगळं सोबत वर येतं. तीच तुमची 'सूंऽऽ'.

म्हणून पियानो वर, गेन खाली. पियानोचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशाच्या आसपास ठेवा, लाइन आउट (दुसऱ्या उपकरणाला आवाज देणारं भोक) असेल तर त्याहून वर नेला तरी बहुतेक वेळा चालतं, हेडफोनच्या जॅकमधून घेत असाल तर अगदी शेवटच्या टोकाला नेऊ नका कारण काही पियानोंचं हेडफोनचं सर्किट तिथे स्वतःच फाटायला लागतं. आणि घरच्यांचं म्हणाल तर हेडफोन जॅकमध्ये काही खुपसलं की बहुतेक पियानोंचे स्पीकर आपोआप बंद होतात, लाइन आउटला तसं होत नाही पण मेन्यूमध्ये स्पीकर ऑफ सापडतं, नाहीतर हेडफोनच्या भोकात नुसता एक जॅक घालून ठेवा, स्पीकर गप्प. एक बघून घ्या, काही मॉडेल्सवर लाइन आउटची लेव्हल ठरलेली असते आणि व्हॉल्यूमचा स्लाइडर फक्त स्पीकर नि हेडफोनला लागू होतो, तसं असेल तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

आता इंटरफेसकडे या. तिथे लाइन आणि इन्स्ट असं बटण असतं, काहींवर ते सॉफ्टवेअरमध्ये असतं. पियानो हे इन्स्ट्रुमेंट आहे म्हणून लोक हौसेने इन्स्ट दाबतात आणि फसतात. ते बटण इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपसाठी आहे, त्याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) १० लाख ओहमच्या आसपास असतो आणि तो बारीक सिग्नलची वाट बघत बसलेला असतो, पियानोचा तयार सिग्नल तिथे घातला की गेन शून्यावर असतानाही लाल दिवा लागू शकतो. पियानोला लाइन. बस. आणि एक्सएलआरमध्ये (माइकचा तीन पिनांचा गोल प्लग) रूपांतर करणारी केबल लावून माइकच्या वाटेने पियानो आत घालू नका, तिथे तर सिग्नल आणखी बारीक अपेक्षित असतो. दुसरा इलाजच नसेल तर इंटरफेसवरचं पॅडचं, म्हणजे सिग्नल खाली आणणारं, बटण दाबा.

मग गेन पूर्ण शून्यावर आणा आणि वाजवा. काय वाजवायचं हे इथे महत्त्वाचं आहे. एका बोटाने सारेगम नको. जो तुकडा रेकॉर्ड करायचाय त्यातली सगळ्यात जोराची जागा काढा, डावा हात खालच्या सप्तकात जाड कॉर्डवर, उजवा वर ऑक्टेव्हमध्ये, सस्टेन पेडल दाबलेलं, आणि खरोखर जितक्या जोरात मैफलीत वाजवाल तितक्या जोरात. पेडल दाबलं की आधीचे स्वर विझत नाहीत आणि नवे त्यांच्यावर चढत जातात, त्यामुळे पहिल्या कॉर्डला मीटर मायनस १४ दाखवत असेल तर चौथ्या कॉर्डला ते मायनस ८ ला पोचलेलं दिसू शकतं. हा चौथा कॉर्ड बघून गेन ठरवायचा. हळूहळू वाढवा, सगळ्यात उंच टोकं मायनस १२ ते मायनस ६ च्या मध्ये आली की हात काढून घ्या. एरवी शांत भागात मीटर मायनस १८, मायनस २० किंवा अगदी मायनस ३० च्या आसपास रेंगाळेल, रेंगाळू द्या.

तुम्हाला सांगणारे दोघंही खोटं बोलत नाहीयेत तसे, फक्त एक जण जुन्या काळात अडकलाय. बिट म्हणजे आवाज आकड्यांत साठवताना मिळणारी घरं, १६ बिटमध्ये एकूण जागा साधारण ९६ डीबी, एकेका बिटची किंमत ६ डीबी, तेव्हा लेव्हल खाली ठेवली तर खरंच नुकसान दिसायचं म्हणून शून्याच्या जवळ जायची सवय लागली. २४ बिटमध्ये हिशोबाने १४४ डीबी होतात. प्रत्यक्षात चांगल्या कन्व्हर्टरला (आवाजाचे आकडे करणाऱ्या सर्किटला) ११० ते १२० च्या आसपास मिळतात, पण तेही तुमच्या पियानोच्या स्वतःच्या खरखरीच्या कितीतरी खाली आहे. १२ डीबी मोकळे सोडले म्हणजे दोन बिट सोडले, उरलेल्या २२ मध्ये पियानो पाय पसरून झोपतो. आणि मायनस १८ हा आकडा टोकांचा नाहीच, तो सरासरीचा आहे, जुन्या ॲनालॉग उपकरणांची नेहमीची कामाची लेव्हल डिजिटलमध्ये तिथे धरायची पद्धत पडली म्हणून. टोकंच मायनस १८ ला ठेवलीत तरी आकाश कोसळत नाही म्हणा. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट निवडलंय ना तेवढं मात्र बघा, काही ठिकाणी ते अजून १६ वर पडलेलं असतं.

एक स्वतःचं सांगतो. एकदा एक लांब तुकडा एका दमात घ्यायचा होता, सुरुवात अगदी हळुवार, मी त्या हळुवार भागावर गेन लावून मोकळा झालो. शेवटी शेवटी हात तापले, पेडल, ऑक्टेव्ह, सगळा जोश, आणि ऐकताना शेवटची दोन मिनिटं जणू पत्रा वाजतोय. शून्याच्या वरचं डिजिटलमध्ये काही साठतच नाही, लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि तो परत येत नाही, दुरुस्तीची सॉफ्टवेअरं मिळतात पण ती अंदाजाने माथा चिकटवतात. तेव्हापासून साउंडचेकला जे टोक येतं त्याच्या आणखी दोन-तीन डीबी खाली ठेवतो, कारण रेकॉर्डचं लाल बटण दाबलं की माणूस जोरातच वाजवतो, कितीही ठरवलं तरी.

आणखी एक गोष्ट, सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचा फेडर खाली ओढून लाल जात नाही. तो फेडर रेकॉर्ड झाल्यानंतरचा आवाज कमी-जास्त करतो, आत काय आलं ते इंटरफेसच्या नॉबवरच ठरलेलं असतं. आणि कधी असं दिसलं की लाटेचे माथे सपाट आहेत पण मीटर मायनस ५ च्या वर गेलंच नाही, तर फाटलंय ते सॉफ्टवेअरमध्ये पोचायच्या आधीच, बहुतेक पियानोच्या आउटपुटला, तेव्हा गेन न छेडता पियानोचा व्हॉल्यूम थोडा उतरवा.

प्रश्न: माझ्या पियानोला लाइन आउट नाही, फक्त हेडफोनचा जॅक आहे. मी चांगली जाड, बॅलन्स्ड केबल घेऊन हेडफोन जॅकमधून इंटरफेसच्या इनपुट १ मध्ये लावली. आवाज येतो पण विहिरीतून आल्यासारखा पोकळ, मधले स्वर तर गायबच. लेव्हलही फार कमी, गेन खूप वाढवावा लागतो. हेडफोन लावला तर पियानो मस्त वाजतोय. इंटरफेस खराब निघाला का?

उत्तर: नाही हो, इंटरफेस बिचारा त्याला सांगितलेलं काम चोख करतोय. मी स्वतः या खड्ड्यात दोन आठवडे बसलो होतो आणि पियानोला शिव्या घालत होतो, त्यामुळे तुमचं पत्र वाचून हसू नाही आलं, थोडं आलं.

तुमच्या केबलचा जॅक हातात घ्या आणि टोकाकडे बघा. धातूवर दोन काळ्या रेघा दिसतायत ना? म्हणजे धातूचे तीन तुकडे झाले, टोक, मधली कडी आणि मागची नळी. याला टीआरएस म्हणतात. एकच रेघ असली तर दोन तुकडे, ते टीएस, गिटारच्या केबलला असतं ते. आता गंमत अशी की टीआरएस जॅक दोन अगदी वेगळ्या कामांना वापरतात आणि दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. हेडफोनमध्ये टोकावर डावा आवाज असतो आणि कडीवर उजवा. बॅलन्स्ड लाइनमध्ये मात्र टोकावर आणि कडीवर एकच आवाज असतो, फक्त कडीवरचा उलटा केलेला, आणि इंटरफेस टोकातून कडी वजा करतो. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चिकटलेला गोंगाट वजाबाकीत उडून जातो आणि आवाज दुप्पट होऊन उरतो, म्हणून ती पद्धत.

तुमच्याकडे काय झालं, इंटरफेसने डाव्यातून उजवा वजा केला. दोन्हीकडे जे सारखं आहे ते सगळं उडालं, आणि पियानोचे मधले स्वर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच असतात. उरला तो डाव्या-उजव्यातला फरक, म्हणजे कडेकडेचं काहीबाही आणि रिव्हर्ब. म्हणूनच विहीर. आणि अर्धा आवाज उडाल्यावर लेव्हल कमी येणारच, तुम्ही गेन वाढवून पोकळपणाच मोठा करत होतात.

इलाज स्वस्त आहे. एका बाजूला एक स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो टीएस जॅक अशी वाय केबल घ्या. स्टिरिओ टोक पियानोच्या हेडफोनमध्ये, मोनो जॅकपैकी डावा इनपुट १ ला, उजवा इनपुट २ ला, दोन्ही लाइनवर. घेताना बघून घ्या की ती स्टिरिओचे दोन मोनो करणारीच आहे, कारण एका हेडफोनचे दोन हेडफोन करणारी वाय केबलही मिळते आणि ती घेऊन आलात तर पुन्हा विहिरीतच. सॉफ्टवेअरमध्ये एक स्टिरिओ ट्रॅक करा, इनपुट १-२.

हेडफोनमधून घेताना अजून एक बारीकशी भानगड. हल्लीच्या पियानोंमध्ये हेडफोन लावला की आवाज डोक्याबाहेरून, समोरच्या वाद्यातून आल्यासारखा वाटावा म्हणून खास प्रक्रिया असते, यामाहाच्या मॉडेल्सवर स्टिरिओफोनिक ऑप्टिमायझर, कवाईवर स्पेशियल हेडफोन साउंड, रोलँडवर थ्रीडी अँबियन्स अशा नावांनी. हेडफोनमध्ये हे छान लागतं पण रेकॉर्ड करून स्पीकरवर ऐकलं की आवाज विचित्र पसरट होऊ शकतो. रेकॉर्डिंगपुरतं बंद करा. पियानोचा स्वतःचा रिव्हर्बही कमी करून ठेवा, नंतर घालता येतो, एकदा आत गेलेला काढता येत नाही.

प्रश्न: इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण चुकून चालू राहिलं आणि पियानो जोडलेला होता. पियानो जळला असेल का?

उत्तर: वाजतोय ना? मग जळला नाही. बहुतेक इंटरफेसवर ४८ व्होल्ट (काही माइकना लागणारी वीज) फक्त एक्सएलआरच्या पिनांवर जातात, एक्सएलआर आणि जॅक दोन्ही घेणाऱ्या कॉम्बो सॉकेटच्या मधल्या क्वार्टर इंच भोकात ते येत नाहीत, तुमचा जॅक तिथे होता म्हणून वाचलात. एक्सएलआर अडॅप्टर लावून पियानो जोडणाऱ्यांनी मात्र हे बटण दोनदा बघावं, पियानोच्या आउटपुटला बाहेरून व्होल्टेज यायची अपेक्षा नसते.

प्रश्न: लेव्हल तुम्ही मागे सांगितली तशी ठेवलीय, टोकं मायनस १० ला येतात. पण न वाजवताही मीटर मायनस ५० ला घुटमळतंय आणि 'घुंऽऽ' सोबत एक चिवचिव ऐकू येते, माउस हलवला की चिवचिव बदलते! लॅपटॉपचा चार्जर काढला की सगळं शांत. मिडीसाठी, म्हणजे कुठली की किती जोरात दाबली हे कळवायला, पियानोची यूएसबी केबलही लॅपटॉपला लावलेली असते, ऑडिओ केबल इंटरफेसमधून.
माउसचं संगीत ऐकणारी

उत्तर: ताई, निदान तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, मी फक्त नाव सांगतो, ग्राउंड लूप. पियानोची ग्राउंड लॅपटॉपला दोन वाटांनी भेटतेय, एक यूएसबी केबलमधून थेट आणि दुसरी ऑडिओ केबलच्या जाळीतून इंटरफेसमार्गे. दोन वाटा झाल्या की गोल पूर्ण होतो आणि त्या गोलातून चार्जरचा आणि लॅपटॉपच्या आतल्या सर्किटांचा कचरा फिरतो. 'घुंऽऽ' ही विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची, चिवचिव लॅपटॉपच्या पोटातली, म्हणून ती माउसवर नाचते. पियानोच्या अनबॅलन्स्ड आउटपुटमध्ये जाळीवर आलेला कचरा सरळ आवाजात मिसळतो.

पहिली परीक्षा, वाजवू नका, नुसतं ऐकत बसा आणि पियानोच्या मागची यूएसबी केबल उपटा. गप्प झालं? मग ऑडिओ घेताना ती केबल काढूनच ठेवा, बहुतेकांना दोन्ही एकाच वेळी लागतही नाही. लागत असेल आणि पियानोला जुनी पाच पिनांची मिडी सॉकेटं असतील तर इंटरफेसच्या मिडी इनला ती जोडा. १९८३ सालच्या मिडीच्या मूळ मांडणीतच घेणाऱ्या बाजूला प्रकाशावर चालणारा ऑप्टो-आयसोलेटर ठेवलाय, विजेची जोडणी होतच नाही त्यामुळे गोलही होत नाही. ज्यांनी ते ठरवलं त्यांना हात जोडावेसे वाटतात कधीकधी. पियानोत ब्लूटूथ मिडी असेल तर तेही चालेल.

एवढं करूनही घुमत असेल तर पियानो, लॅपटॉप, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा, ऑडिओ केबल दोन-तीन मीटरपेक्षा लांब नको आणि ती विजेच्या वायरींसोबत गुंडाळलेली नको. शेवटचा उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि माइक इनपुट यांच्या मध्ये लावायची पेटी), स्टिरिओसाठी दोन चॅनलचा, आत ट्रान्सफॉर्मर असल्याने विजेची जोडणी तुटते. पण त्यातून सिग्नल माइकच्या लेव्हलला उतरून येतो, म्हणून तो एक्सएलआरने माइक इनपुटला जातो आणि तुमचा गेन पुन्हा पहिल्यापासून लावावा लागेल, तेव्हा गेन जास्त लागला तर घाबरू नका, तिथे तो लागतोच. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करणं हा आळशी उपाय आहे आणि मी तो अनेकदा केलाय. एक मात्र करू नका, प्लगची अर्थिंगची पिन तोडणं किंवा टेप लावणं. घूं जाईल, पण सोबत तुम्हीही जाल.

प्रश्न: दादा, मी अकरावीत आहे. तुम्ही म्हणता टोकं मायनस १० ला ठेव, ठेवली. पण माझं रेकॉर्डिंग मोबाइलवर इतर गाण्यांनंतर लावलं की एकदम बारीक वाटतं, मित्र म्हणतात आवाजच नाहीये. सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिट फ्लोट केलं तर लाल झालं तरी चालतं असं वाचलं, मग गेन वाढवून बिनधास्त रेकॉर्ड करू का?

उत्तर: नको रे. आधी दुसरं. ३२ बिट फ्लोट ही सॉफ्टवेअरच्या आतली साठवण आहे, तिथे ट्रॅक शून्याच्या वर गेला तरी परत खाली आणता येतो हे खरंच आहे. पण तुझा आवाज त्याच्या आधी इंटरफेसच्या कन्व्हर्टरमधून येतो आणि तो २४ बिटचा आहे, त्याला छत आहे. नळाखाली तांब्या भरून वाहिला, मग तो तांब्या तू मोठ्या हंड्यात ओतलास, सांडलेलं पाणी हंड्यात येईल का? ज्यांचा कन्व्हर्टरच ३२ बिट फ्लोट आहे असे रेकॉर्डर आणि इंटरफेस मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी, आणि त्यांनासुद्धा पियानोचं आउटपुट फाटत असेल तर काही करता येत नाही.

आता बारीक वाटण्याचं. रेकॉर्डिंगची लेव्हल आणि ऐकायला किती मोठं वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीटरवर तू टोकं बघतोस, कान सरासरी ऐकतो. पियानोत हातोडा पडल्याक्षणी उंच टोक येतं आणि लगेच आवाज उतरत जातो, त्यामुळे टोक आणि सरासरी यांत मोठं अंतर असतं. तयार गाण्यांत कॉम्प्रेसर, लिमिटर लावून ते अंतर मुद्दाम कमी केलेलं असतं. हे मोजायचं एकक एलयूएफएस, स्पॉटिफाय गाणी साधारण मायनस १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं, तुझा नुकताच रेकॉर्ड केलेला पियानो मायनस २५ किंवा ३० ला असला तरी त्यात काही चुकलेलं नाही.

तर रेकॉर्ड करताना मायनस १०, आणि सगळं झाल्यावर शेवटी ट्रॅक उचलायचा. नॉर्मलाइझ करून टोकं मायनस १ ला आण, तेवढ्यानेच ९ डीबी मिळाले. अजून हवं असेल तर लिमिटर लाव आणि फक्त सगळ्यात उंच टोकं दोन-तीन डीबी दाबली जातील इतपतच, जास्त दाबलंस तर हळुवार वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं सारखंच ऐकू येईल, मग इतकी वर्षं बोटं कशाला घासलीस. आणि मित्रांना सांग व्हॉल्यूमचं बटण त्यांच्या मोबाइललाही आहे.

प्रश्न: डावी बाजू नेहमी उजवीपेक्षा मोठी दिसते, दोन्ही गेन नॉब ११ वाजता आहेत. असं का?

उत्तर: दोन कारणं असू शकतात आणि एक कारण बिनधोक आहे. बहुतेक पियानोंचा आवाज वाजवणाऱ्याच्या जागेवरून धरलेला असतो, खालचे स्वर डावीकडे, वरचे उजवीकडे. डाव्या हाताचं काम जास्त असेल तर डावं मीटर वर जाणारच, त्याला बरोबरीत आणायला उजवा गेन वाढवलात तर वरचे स्वर उगाच पुढे येऊन बसतील.

दुसरं कारण नॉब. घड्याळातले ११ दोन्हीकडे दिसले तरी आत दोन-तीन डीबींचा फरक सहज असतो, विशेषतः फिरवायचे साधे नॉब असतील तर. तपासायचं असं, पियानोवर ऑर्गनसारखा न विझणारा टोन लावा, कोरस-रिव्हर्ब बंद, एल/मोनो आउटपुटमध्ये एकच केबल लावा आणि इनपुट १ मध्ये घाला. मधला सा धरून ठेवा, एखादं जड पुस्तक कीवर ठेवलं तरी चालेल पण मग शेजारचे स्वरही वाजतील, त्यापेक्षा कोणाला तरी बोट ठेवायला बसवा. मीटर मायनस २० वर आणा. आता पियानोकडचं टोक तसंच ठेवून केबलचं दुसरं टोक इनपुट २ मध्ये घाला, तोच स्वर, आणि दुसरा नॉब फिरवून तोच मायनस २० आणा. जमलं की नॉबच्या जागेवर पेन्सिलीने बारीक खूण करा. इंटरफेसवर डिजिटल गेन असेल, आकडे दिसत असतील, तर एवढा खटाटोप नको, दोन्हीकडे तोच आकडा.

जाता जाता, ज्यांच्याकडे एकच लाइन इनपुट आहे त्यांनी एल/मोनोमध्येच केबल लावावी, आर मध्ये काही नसेल तर बहुतेक पियानो दोन्ही बाजू आतल्या आत एकत्र करून देतात. स्टिरिओ सॅम्पल असे एकत्र झाले की काही पियानो जरा डबडब वाजतात, तुमच्या पियानोत मोनो पियानो असा वेगळा टोन असेल तर तो घ्या.

प्रश्न: वाजवताना प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येतो, रेकॉर्डिंग मात्र ठीक आहे.

उत्तर: डायरेक्ट मॉनिटर चालू आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचं मॉनिटरिंगही चालू आहे. एक आवाज इंटरफेसमधून थेट, दुसरा कॉम्प्युटरचा फेरफटका मारून. दोन्हीपैकी एक बंद करा, माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअरमधलं. बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल आणि ४८ किलोहर्ट्झ असेल तर एका बाजूचे जेमतेम २.७ मिलिसेकंद होतात पण जाणं-येणं आणि बाकीचं धरून ते वाढतं, आणि पियानोवाल्याच्या बोटांना ते कळतं. यामुळे हेडफोनमध्ये आवाज मोठाही वाटतो, तो ऐकून गेन कमी करू नका, मीटर बघा.

प्रश्न: हे सगळं वाचून दमलो. पियानोला यूएसबी आहेच की, इंटरफेसशिवाय नाही का होणार?

उत्तर: होईल, कदाचित. मागच्या यूएसबीतून बहुतेक पियानो फक्त मिडी पाठवतात, म्हणजे कुठली की, किती जोरात, १ ते १२७ मधला आकडा, पेडल कधी. त्यात आवाज नसतोच म्हणून लेव्हलचं दुखणंही नाही, सगळे स्वर नंतर सॉफ्टवेअरच्या पियानोतून वाजवता येतात, आणि तुमच्या पियानोचा स्वतःचा आवाज फारसा आवडत नसेल तर हेच करा खरंतर. काही मॉडेल्स त्याच केबलमधून ऑडिओही पाठवतात, माहितीपुस्तिकेत यूएसबी ऑडिओ असा शब्द शोधा. तसं असेल तर आवाज आतल्या आत डिजिटलच राहतो, ना केबलची खरखर ना गेनचा नॉब, मीटर मात्र तरीही बघायचं कारण तिथेही टोकं शून्याला धडकू शकतात.

आणि पियानोला पेन ड्राइव्हचं भोक असेल, त्यावर ऑडिओ रेकॉर्ड अशी सोय असेल, तर तो थेट वेव्ह फाइल बनवून देतो, बहुतेकदा ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. एकट्या पियानोच्या रेकॉर्डिंगला मी हल्ली पुष्कळदा हेच करतो, इंटरफेस ड्रॉवरमध्येच राहतो. पेन ड्राइव्ह आधी पियानोतूनच फॉरमॅट करून घ्या म्हणजे नंतर कटकट नाही, फक्त त्यात कोणाच्या लग्नाचे फोटो नाहीत ना ते आधी बघा.